मानसशास्त्रात एमए-पीएचडी: पैशांचे वार कसे लावायचे

पूर्वी पुण्यात शिकायला आलेली गरीब घरची मुलं वार लावून जेवायची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सात घरं मिळाली की आठवडा भागला. एखाद्या घरी सुतक आलं की त्या वारी उपास. मानसशास्त्रात पुढे शिकायला निघालेल्या मुला-मुलींची पैशांची व्यवस्था मला आजही अशीच दिसते. फी एका योजनेतून, खोलीभाडं दुसरीतून, चाचण्यांच्या झेरॉक्सचे पैसे तिसरीकडून. एकच दणदणीत फेलोशिप लागेल आणि सगळं सुटेल, या भरवशावर शहरात येऊ नका. लागली तरी पहिला हप्ता हातात पडेपर्यंत खानावळीची उधारी चढते. माझा पहिला हप्ता नवव्या महिन्यात आला होता. तोवर बार्शीहून येणारी ज्वारी, मित्राच्या खोलीतला अर्धा पलंग आणि खानावळवाल्या मावशींची वही यांवर माझं संशोधन चाललं.

मानसशास्त्राची आणखी एक गंमत आहे. हा विषय सरकारदरबारी दोन घरी राहतो. सामाजिक शास्त्रांना पैसे देणारी संस्था त्याला सामाजिक शास्त्र मानते, आरोग्याचे नियम करणारी मंडळी त्याला आरोग्यसेवा मानतात. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं होऊ शकतं. पण कोणत्या घरी कोणत्या वारी पान वाढतात हे नीट विचारून ठेवलं, तर दोन्हीकडे जेवताही येतं.

आधी रस्ता ठरवा, मग अर्ज भरा

बीए झालेली मुलं मला विचारतात, "सर, कोणती स्कॉलरशिप चांगली?" मी उलट विचारतो, "तुला पाच वर्षांनी काय व्हायचंय?" पैसा रस्त्याप्रमाणे बदलतो, म्हणून हा प्रश्न आधी.

प्राध्यापक किंवा संशोधक व्हायचं असेल तर एमए, नेट (म्हणजे प्राध्यापकपदासाठी आणि फेलोशिपसाठी लागणारी राष्ट्रीय पात्रता परीक्षा), पीएचडी हा रस्ता. इथे सरकारी पैसा सगळ्यात जास्त आहे. रुग्णालयात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते. इथे जागा कमी, खासगी संस्थांत फी जबर, आणि मदतीच्या योजना मोजक्या. शाळेत समुपदेशक किंवा कंपनीत मनुष्यबळ विभागात जायचं असेल तर दोन वर्षांच्या एमएवर भागतं, त्यामुळे मोठं कर्ज काढण्याची गरजच नाही.

आणि एक रस्ता नुकताच बंद झालाय. नोकरी करत दूरस्थ पद्धतीने एमए मानसशास्त्र करणं हा आजवरचा सगळ्यात स्वस्त मार्ग होता. गावाकडच्या कितीतरी शिक्षिकांनी तो धरला. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, आरोग्यसेवेशी जोडलेल्या विषयांना दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवले, आणि त्या यादीत मानसशास्त्रही आहे. कारण २०२१ चा संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांचा कायदा. म्हणजे विषयाच्या दुसऱ्या घरानं दार लावलं. "ऑनलाइन एमए सायकॉलॉजी, प्रवेश सुरू" अशी जाहिरात दिसली तर फी भरण्याआधी यूजीसीच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाची त्या वर्षाची मान्यता बघा.

एमएची दोन वर्षं

सगळ्यात आधी कॉलेज निवडतानाच पैसे वाचवा. विद्यापीठाचा विभाग किंवा अनुदानित महाविद्यालय आणि खासगी विद्यापीठ यांच्या फीमध्ये इतका फरक असतो की कोणतीही शिष्यवृत्ती तो भरून काढत नाही. खासगी ठिकाणची प्रयोगशाळा चकचकीत असते, मान्य. पण एमएला शिकवले जाणारे बहुतेक प्रयोग साध्या साधनांवर होतात आणि नेटचा अभ्यासक्रम दोन्हीकडे तोच आहे.

आता योजना. यूजीसीची पदव्युत्तर अभ्यासासाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती फार कमी जणांना माहीत असते. देशभरात १०,००० जागा, महिना १५,००० रुपये, वर्षातले १० महिने, दोन वर्षं. म्हणजे एकूण तीन लाख. निवड पदवीच्या गुणांवर, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. यातली मेख अशी की अर्ज एमएच्या पहिल्या वर्षालाच करायचा असतो आणि अभ्यासक्रम नियमित, पूर्णवेळ हवा. "आधी सेटल होतो, मग बघतो" म्हणणाऱ्यांचं हे वर्ष निघून जातं. बीएला चांगले गुण असतील तर एमएच्या प्रवेशाची पावती मिळाली की लगेच हे काम करा.

राज्याच्या योजना महाडीबीटी पोर्टलवर असतात. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती बघा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी अडीच लाखांच्या उत्पन्नापर्यंत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे आणि त्याच्या वर उत्पन्न असेल तर फ्रीशिप. मुलींना फी शंभर टक्के माफ झाली असं सगळीकडे ऐकू येतं, पण २०२४ चा तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. एमए मानसशास्त्र त्यात धरून हिशेब मांडू नका.

राहण्या-जेवण्याचा वार वेगळा लावायचा. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये मिळतात: जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. लहान शहरांत रक्कम कमी होत जाते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना अशी भावंडंही आहेत. पुण्यात २०,००० रुपयांत वर्षभराची खोली कुठे मिळते, हा प्रश्न मला विचारू नका. तीन जणांत एक खोली, एवढंच उत्तर माझ्याकडे आहे.

विद्यापीठाची कमवा व शिका योजना लहान वाटते, पण हलक्यात घेऊ नका. ग्रंथालयात किंवा विभागाच्या कार्यालयात काम मिळालं तर पैशांपेक्षा मोठा फायदा होतो: कोणती परिपत्रकं आली, कुणाकडे पीएचडीची जागा रिकामी होणार, हे तुम्हाला इतरांच्या आधी कळतं.

नेटचा पेपर आणि २४ लाख रुपये

जेआरएफ म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती. १ जानेवारी २०२३ पासूनचा दर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढची तीन वर्षं ४२,००० रुपये. हिशेब केला तर पाच वर्षांचे बरोबर २४ लाख होतात. घरभाडं भत्ता त्यावर वेगळा. मुंबई-पुण्याला सगळ्यात वरचा दर, नागपूर-नाशिकला त्याखालचा. शिवाय सामाजिक शास्त्रांसाठी किरकोळ खर्चाला पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० आणि नंतर २०,५०० रुपये. तीन तासांच्या एका पेपरवर एवढा पैसा अवलंबून असेल, तर एमएच्या दुसऱ्या वर्षातलं तुमचं मुख्य काम कोणतं हे सांगायला नको.

परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरची म्हणून. मानसशास्त्राचा विषय क्रमांक ०४. पहिला पेपर सर्वांना सारखा, ५० प्रश्न; दुसरा विषयाचा, १०० प्रश्न; प्रत्येक प्रश्नाला दोन गुण आणि चुकलं तर गुण कापत नाहीत. एमएच्या शेवटच्या वर्षाला असतानाही बसता येतं. जेआरएफसाठी वयाची अट ३० वर्षं, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी यांसारख्या प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेला वयाची अट नाही. पेपर इंग्रजी आणि हिंदीत येतो, मराठीत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांनी संज्ञांची वही पहिल्या दिवसापासून दोन भाषांत ठेवावी. "अभिसंधान" पाठ केलं आणि पेपरात "कंडिशनिंग" आलं म्हणून अडलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत.

नवख्यांचे दोन गोंधळ इथे होतात. पहिला सेटचा. महाराष्ट्राची सेट परीक्षा पास झालात तर सहायक प्राध्यापकाची पात्रता मिळते, पण एक रुपयाही फेलोशिप मिळत नाही. दुसरा नेटच्या निकालाचा. जून २०२४ पासून निकालात तीन गट असतात: जेआरएफसह पात्र, सहायक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेशासाठी पात्र, आणि फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र. शेवटच्या दोन गटांत प्रवेशासाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि ते गुण एकच वर्ष चालतात. "नेट झालं" असं घरी सांगण्याआधी कोणत्या गटात झालं ते बघा. पैसे फक्त पहिल्या गटाला आहेत.

आणि खरी गाडी अडते ती पुढे. जेआरएफचं पत्र हातात आणि मार्गदर्शक नाही. नियमाप्रमाणे प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएचडी विद्यार्थी घेता येतात. मानसशास्त्राचे विभाग छोटे, पदं रिकामी, त्यामुळे जागा भराभर संपतात. पत्राला मुदत असते आणि ती संपली की पत्र नुसतं फ्रेम करून लावायचं. म्हणून नेटच्या अभ्यासाबरोबरच तीन-चार विद्यापीठांतल्या मार्गदर्शकांच्या रिकाम्या जागा बघत राहा, त्यांचे दोन-दोन शोधनिबंध वाचा आणि मगच भेटायला जा. "सर, कोणताही विषय चालेल" हे वाक्य तोंडातून काढू नका. तेवढ्यावरून समोरच्याला सगळं कळतं.

प्रवेश झाल्यावरही पैसे आपोआप सुरू होत नाहीत. रुजू झाल्याचा अहवाल, मार्गदर्शकाची सही, विभागप्रमुखाची सही, मग विद्यापीठातला एक कर्मचारी संगणकावर माहिती भरणार, दुसरा ती तपासून पुढे पाठवणार. आणि हे दर महिन्याला, कारण दर महिन्याला "हा विद्यार्थी चालू आहे" असं विद्यापीठाने कळवावं लागतं. माझ्या वेळी त्या टेबलावरचे साहेब दीर्घ रजेवर होते आणि पासवर्ड त्यांच्याकडेच होता. त्यात माझं आडनाव दहावीच्या गुणपत्रिकेवर नावाआधी आणि आधारवर शेवटी. महाराष्ट्रातल्या निम्म्या मुलांची ही रड असते. ती दुरुस्त करता करता दिवाळी गेली. थकबाकी नंतर एकदम मिळते, बुडत नाही. पण मधल्या महिन्यांचं भाडं थकबाकीवर देता येत नाही. म्हणून पहिल्या सहा ते नऊ महिन्यांची सोय जेआरएफ सोडून करून ठेवा, हा माझा सगळ्यांना पहिला सल्ला.

दोन वर्षांनी जेआरएफची वरिष्ठ फेलोशिप होते, तीही आपोआप नाही. समितीपुढे प्रगती मांडावी लागते, त्यात बाहेरचा तज्ज्ञ असतो. त्याची तारीख दोन महिने आधी मागायला सुरुवात करा, नाहीतर वाढीव ५,००० रुपये पुन्हा थकबाकीत जातात.

आयआयटीचा रस्ता मानसशास्त्रवाल्यांच्या लक्षातच येत नाही. गेट परीक्षेत २०२१ पासून मानव्य आणि सामाजिक शास्त्रांचा पेपर आहे आणि त्यात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. गुण तीन वर्षं चालतात. मुंबई आयआयटीच्या मानव्य विभागात मानसशास्त्रात पीएचडी करता येते. कानपूरला तर बोधनशास्त्राचा, म्हणजे कॉग्निटिव्ह सायन्सचा, वेगळा विभागच आहे. तिथे संस्थेची स्वतःची फेलोशिप मिळते आणि बदल्यात थोडं शिकवण्याचं साहाय्य करावं लागतं. माझा अनुभव असा की तिथे पैसा वेळेवर येतो, आणि संख्याशास्त्र येत नसेल तर घामही वेळेवर येतो.

राज्याच्या संस्था: सारथी, बार्टी, महाज्योती आणि इतर

जेआरएफ हुकली तर दार बंद होत नाही. मराठा आणि कुणबी समाजातल्या उमेदवारांसाठी पुण्याची सारथी, अनुसूचित जातींसाठी पुण्याचीच बार्टी, ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती, आदिवासींसाठी पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था. या पीएचडीसाठी फेलोशिप देतात आणि त्यांची घडण यूजीसीच्या जेआरएफसारखीच आहे. मात्र पीएचडीची नोंदणी आधी झालेली असावी लागते आणि जाहिरात कधी येईल याचा नेम नसतो.

इथे थोडं स्पष्ट बोलतो. या फेलोशिपच्या जागांची संख्या, निवड परीक्षा आणि रक्कम यांवरून गेल्या काही वर्षांत पुण्यात संशोधक विद्यार्थी वारंवार रस्त्यावर बसले. पीएचडी करून काय दिवे लावणार, असा सवाल डिसेंबर २०२३ मध्ये थेट विधान परिषदेत ऐकू आला. नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून वरच्या तुकडीतल्या दादा-ताईंनी सांगितलेलं प्रमाण मानू नका. त्या वर्षीची जाहिरात शेवटच्या पानापर्यंत वाचा. नोंदणीची तारीख कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत धरली आहे, ही ओळ दोनदा वाचा. एका दिवसाने बाहेर राहिलेले मला माहीत आहेत.

केंद्राच्याही प्रवर्गनिहाय राष्ट्रीय फेलोशिप आहेत. अनुसूचित जाती आणि ओबीसींच्या फेलोशिपसाठी निवड नेटच्या गुणांवरूनच होते, तेव्हा नेटचा अर्ज भरताना त्या रकान्यावर खूण करायला विसरू नका. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप २०२२ च्या शेवटी बंद झाली. जुन्या याद्यांत अजून तिचं नाव फिरतंय. आईवडिलांची एकुलती एक मुलगी असाल तर यूजीसीची सावित्रीबाई जोतिराव फुले फेलोशिप बघाच. दर जेआरएफचाच, आणि जात-उत्पन्न काही बघत नाहीत.

आयसीएसएसआर

भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, १९६९ ची. विषयाच्या पहिल्या घराचं हे स्वयंपाकघर म्हणा. पूर्णवेळ पीएचडी करणाऱ्यांना तिची दोन वर्षांची फेलोशिप असते: महिना २०,००० रुपये आणि वर्षाला २०,००० किरकोळ खर्चासाठी. जेआरएफपुढे ही रक्कम कमी वाटते, पण खुल्या प्रवर्गातल्या आणि तिशी ओलांडलेल्या विद्यार्थ्याला मोठा आधार ठरते. संशोधन शेवटच्या टप्प्यात अडकलेल्यांसाठी अल्पमुदतीचीही सोय आहे. परिषदेचं पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात आहे; महाराष्ट्र आणि गोव्यातल्या विद्यार्थ्यांनी तिथल्या सूचनांवर लक्ष ठेवावं.

या अर्जात तुमचा संशोधन आराखडा खरंच वाचला जातो. "महाविद्यालयीन विद्यार्थ्यांतील ताण व समायोजन यांचा तुलनात्मक अभ्यास" या शीर्षकाचे गठ्ठे त्या टेबलावर पडून असतात. दोन गट घेतले, आग्र्याच्या प्रकाशकाची एक तयार चाचणी दिली, दोन सरासऱ्यांची तुलना करणारी टी-टेस्ट लावली, संपलं. त्यापेक्षा ऊसतोड कामगारांच्या मुलांचं स्थलांतरातलं शाळेचं वर्ष, किंवा आशाताईंच्या कामातला भावनिक शीण, असा डोळ्यांसमोरचा एक प्रश्न घ्या आणि तो तुम्हीच का विचारू शकता हे दोन परिच्छेदांत लिहा.

क्लिनिकलचा रस्ता

इथे पैशांआधी मान्यता तपासायची. एम.फिल. ही पदवी देशभर बंद झाली, तरी क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.ला यूजीसीने २०२५-२६ पर्यंतच्या प्रवेशांची सवलत दिली होती. त्यानंतरच्या अभ्यासक्रमांची मांडणी बदलते आहे. म्हणून ज्या संस्थेत प्रवेश घेताय, तिच्या त्याच अभ्यासक्रमाला त्याच वर्षासाठी आरसीआयची मान्यता आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. माहितीपत्रकावरचा शिक्का पुरेसा नाही.

सरकारी संस्था पहिली पसंती ठेवा. बंगळुरूची निम्हान्स, रांचीची सीआयपी, आपल्याकडे पुण्यात ससूनच्या आवारातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था. केंद्रीय संस्थांत विद्यावेतन मिळतं, जागा बोटांवर मोजण्याइतक्या. खासगी ठिकाणी फी लाखांत जाते आणि दिवसभर वॉर्डात काम असल्याने जोडीला नोकरी करता येत नाही. माझं मत विचाराल तर एमएनंतर एक-दोन वर्षं एखाद्या संशोधन प्रकल्पात किंवा संस्थेत काम करा, पैसे साठवा, प्रवेश परीक्षा दुसऱ्यांदा द्या आणि सरकारी जागा मिळवा. घाईघाईत दहा लाखांचं कर्ज काढून मिळवलेली जागा तुम्हाला पहिल्याच नोकरीत पगाराकडे बघायला लावते, रुग्णाकडे नाही.

प्रकल्पातल्या नोकऱ्या कुठे असतात? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, निधीवर चालणारे प्रकल्प वैद्यकीय महाविद्यालयांत असतात, त्यांच्या जाहिराती रुग्णालयाच्या संकेतस्थळावर आठवडाभरच दिसतात. गोव्यात १९९६ पासून काम करणारी संगाथ ही मानसिक आरोग्यावरची संस्था एमए झालेल्यांना संशोधन साहाय्यक म्हणून घेते. अशा कामात घरोघरी जाऊन मुलाखती घेण्याचं जे शिक्षण मिळतं, ते कोणत्याही वर्गात मिळत नाही. मराठी-कोंकणी बोलणाऱ्याला तिथे भाषेचा आपसूक फायदा.

संशोधनाचा खर्च कमी करा, तोही पैसाच

फेलोशिप मिळवण्यावर सगळे बोलतात, पीएचडीला खर्च किती येतो यावर कुणी नाही. मानसशास्त्रात मोठा खर्च चाचण्यांचा. बुद्धिमापनाचा परदेशी संच घ्यायला गेलात तर वर्षाची किरकोळ रक्कम एका झटक्यात संपते. म्हणून आराखडा लिहितानाच विभागाच्या कपाटात कोणत्या चाचण्या आहेत ते बघा. नैराश्य, चिंता, ताण यांवर काम असेल तर पीएचक्यू-९, गॅड-७, डास-२१ या प्रश्नावल्या वापरायला पैसे पडत नाहीत. मराठीत प्रमाणित केलेली चाचणी हवी असेल तर पुण्यात ज्ञान प्रबोधिनीच्या प्रज्ञा मानस संशोधिकेत आधी चौकशी करा. नवं भाषांतर, उलट भाषांतर आणि प्रमाणीकरण यात एक वर्ष आणि बरेच पैसे जातात. आकडेमोडीसाठी एसपीएसएस या महागड्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत घेऊ नका. जामोवी आणि आर ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि परीक्षकाला दोन्ही चालतात.

प्रवासाचा खर्च नमुना निवडतानाच ठरतो. पाच जिल्ह्यांतल्या शाळा घ्यायच्या की आपल्याच तालुक्यातल्या वीस, हा पद्धतीचा प्रश्न आहेच, पण एसटीच्या तिकिटांचाही आहे. तिकिटं जपून ठेवा. किरकोळ खर्च पावत्यांशिवाय मंजूर होत नाही.

कर्ज आणि परदेश, थोडक्यात

साध्या एमएसाठी कर्ज काढू नका. क्लिनिकलसाठी काढावंच लागलं तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना आधी बघा. ठरावीक दर्जेदार संस्थांत प्रवेश असेल तर तारण किंवा जामीनदार लागत नाही, आणि कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात तीन टक्के सवलत मिळते. तुमची संस्था त्या यादीत आहे का, हे बँकेच्या मॅनेजरला विचारण्याआधी स्वतः तपासा.

परदेशाचा हिशेब सरळ आहे. अमेरिकेत संशोधनाच्या पीएचडीला बहुतेक चांगली विद्यापीठं फी माफ करून वर महिन्याचे पैसे देतात. मास्टर्सला सहसा देत नाहीत. त्यामुळे मास्टर्ससाठी घर गहाण टाकण्यापेक्षा इथे एमए करून, एक-दोन चांगले निबंध छापून, थेट पीएचडीला अर्ज करणं बरं. मुंबईतला जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्ती देतो, के. सी. महिंद्रा न्यासाची बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती आहे, आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तो प्रकल्पातल्या नोकरीतून होतो.

कागद

एक जाडजूड फाइल करा. रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्न दाखला, जात प्रमाणपत्र आणि त्याची वैधता, नॉन-क्रिमीलेअर, शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. नॉन-क्रिमीलेअर राज्यासाठी वेगळ्या नमुन्यात लागतं आणि केंद्रासाठी वेगळ्या. नेटला राज्याचा नमुना जोडून बाद झालेली मुलगी माझ्याच वर्गात होती. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचा, दाखला एका आर्थिक वर्षाचा असतो, म्हणून एप्रिल उजाडला की नवा काढा. आणि थेट लाभाचे पैसे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. आधारला शेवटचं जे खातं जोडलं गेलं त्यात जातात. कधीकाळी गावच्या बँकेत उघडलेलं, बंद पडलेलं खातं आधी शोधून काढा.

शेवटची गोष्ट फेलोशिप सोडण्याची. पीएचडी चालू असताना पक्की नोकरी लागली, तर रुजू होण्याआधीच विद्यापीठाला लेखी कळवा आणि पोच घ्या. नाहीतर दर महिन्याची "हा विद्यार्थी चालू आहे" ही खूण यंत्रासारखी चालू राहते, पैसे खात्यात येत राहतात, आणि दोन वर्षांनी वसुलीचं पत्र येतं. तासिका तत्त्वावर शिकवण्याचं मानधन आणि जेआरएफ एकत्र घेतलं तरी तेच होतं. आणि खानावळीची उधारी शेवटच्या थकबाकीतून पहिल्यांदा फेडा. मावशींच्या वहीत तुमचं नाव आडनावाआधी लिहिलंय की नंतर, याने त्यांना काही फरक पडत नाही.